काचेआडची टकटक

स्केरा बेटावर वाळूचा कण सापडायचा नाही. सगळा काळा खडक. "इथं पिकतात फक्त वादळं," असं फिनले म्हातारा म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. अटलांटिकवरून येणारं वादळ आधी स्केराच्या थोबाडीत मारायचं आणि मग इंग्लंडकडे वळायचं. म्हणून तर युद्ध पेटल्यावर तारघर सांभाळणाऱ्या एफीच्या माथी हवामानाच्या नोंदी आल्या.

भिंतीवरचा बॅरोमीटर, हवेचा दाब सांगणारा, तिच्या बापाचा. बेटाचा रिवाज असा, की दर्यावर निघणाऱ्याने आधी त्याच्या काचेवर टकटक करायची. अडकलेला काटा सुटतो आणि घराचा निरोपही घेऊन होतो. ज्याची त्याची टकटक निराळी. धाकट्या भावाची, टॉर्किलची, एक सावकाश, मग दोन घाईच्या.

"काचेशी खोटं बोलू नये, पोरांनो," बाप बजावायचा.

आता टॉर्किल दक्षिणेच्या कुठल्याशा बंदरात, फौजेच्या बोटीत होता. पत्रं बंद झाली होती. फौजा फ्रान्सवर उतरणार हे शेंबडं पोरही सांगत होतं, दिवस तेवढा कुणाला ठाऊक नव्हता. पण कालपासून लंडनचा फोन सारखा खणखणत होता, आणि एफी काय ते समजली. काल काटा घसरला होता, म्हणजे वादळ. तिने तसं कळवलं आणि देवाचे आभार मानले. वादळ आहे तोवर भाऊ किनाऱ्यावर आहे, भाऊ जिवंत आहे.

आज सकाळीही वारा छप्पर ओरबाडत होता. एफीने काचेवर बोट वाजवलं.

काटा चढला.

"अडकलाय मेला," शेगडीपाशी बसलेला फिनले म्हणाला. "बाहेर मेंढ्या उडायच्या बाकी आहेत, आणि हा म्हणे उघडीप!"

तिने पुन्हा बोट वाजवलं.

आतून उत्तर आलं. एक सावकाश. मग दोन घाईच्या.

"काका, ऐकलंत?"

"काय गं?"

काटा आणखी चढला. उघडीप झाली की बोटी सुटणार, टॉर्किलचीही. तेवढ्यात फोन वाजला.

"स्केरा, काटा?" लंडनच्या बाईचा आवाज.

एफीने डोळे मिटले. "उतरतोय."

ऐकलेलं परत म्हणून दाखवायचा नियम होता. बाई म्हणाली, "चढतोय. बरोबर?"

"नाही हो! उतरतोय!"

"चढतोय. लिहून घेतलं."

"अहो बाई, उतरतोय म्हणतेय ना! कुणालाही पाठवू नका, पाया पडते तुमच्या!"

"तुमचा आवाज फार तुटतोय," बाई शांतपणे म्हणाली. "पण तुमच्याजवळचा तो तरणा माणूस अगदी स्पष्ट सांगतोय. त्यांना धन्यवाद द्या."

फोन बंद झाला. एफीने मागे वळून पाहिलं. खोलीत एकटा म्हातारा फिनले, तोंडात चिलीम धरून, डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होता.

"कुणाशी भांडत होतीस, पोरी?"

दुपारी वारा पडला.

दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं, फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या. एफी धावत भिंतीपाशी गेली आणि काचेवर टकटक केली. एक सावकाश, मग दोन घाईच्या. पुन्हा केली. आतून काहीच आलं नाही.

"जरा थांब," फिनले म्हणाला. त्याने चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली.

घट्ट बंद काचेच्या आत, तबकडीच्या तळाशी, चिमूटभर पिवळी वाळू साचली होती. अजून ओली होती.