काखेतले पाच दिवे

२०४१ साली मी दहा वर्षांची होते. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात काजू फोडायची यंत्रं घरोघर आली होती. माझी सुगंधा आत्या मात्र हातानेच काजू फोडायची, कारण यंत्र गराचे तुकडे करतं असं तिचं म्हणणं. त्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ सापडली. गाठ लहान होती आणि ती काढायचं ठरलं होतं. आता कळायचं होतं ते एवढंच, की रोग त्या गाठीतच आहे की काखेपर्यंत पोचला आहे.

सुट्टी होती म्हणून मी आत्याबरोबर रुग्णालयात गेले. तिथे चौकस नावाचा यंत्रमानव शरीराच्या आतली चित्रं वाचायचा. चाकांवर एक उंच कपाट, वर भिंगांची रांग आणि आवाज अगदी मृदू. स्तनातला रोग काखेत कशाला जाईल, असं मी त्याला विचारलं. त्याने मला स्टुलावर बसवून नीट समजावलं. शरीरात रक्ताखेरीज लसिका (पेशींच्या मधून झिरपणारं पातळ पाणी) वाहत असते. तिच्या वाटेवर लसिकाग्रंथी (घेवड्याच्या दाण्यासारख्या गाळण्या) असतात. हाताची आणि स्तनाची लसिका काखेतल्या गाळण्यांतूनच पुढे जाते. म्हणून गाठीतून सुटलेल्या पेशी बहुतेक वेळा आधी तिथे अडकतात.

त्यांचा शोध घ्यायला आत्याला खास साखर टोचली होती. ती काही तास किरणं सोडते. भुकेल्या पेशी ती जास्त घेतात आणि चित्रात उजळतात. आत्याच्या काखेत पाच दिवे लागले होते.

पाचही ग्रंथींत रोग असावा, असं चौकसने सांगितलं. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्यात, असा त्याचा सल्ला होता. डॉक्टर इनास फर्नांडिस यांनी आत्यापासून काही लपवलं नाही. सगळ्या गाळण्या गेल्या तर लसिका हातात तुंबू शकते आणि हात जन्मभर सुजलेला, जड राहू शकतो. आत्याने डाव्या हाताकडे बघितलं.

"मगे माझे काजू कोण फोडतलो?"

रडू लपवायला मी तिचा डावा हात धरला, तर ती कळवळली. बघते तो दोन बोटं लाल झालेली आणि एका नखाशी पू साठलेला. मी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासणीआधी भरून घेतलेला अर्ज काढून पाहिला. "हाताला जखम आहे का?" या प्रश्नापुढे आत्याने "नाही" लिहिलं होतं.

"ही खयची जखम?" आत्या म्हणाली. "काजूचा त्याल लागला."

टरफलातल्या त्या तेलाने कातडी जळते. आमच्या गावात निम्म्या बायकांची बोटं तशीच असायची, त्यामुळे त्याला जखम कोण म्हणणार?

चौकसची भिंगं हळूहळू खाली वळली. "मी उत्तर वाचलं," तो म्हणाला. "हात पाहिला नाही."

"इतके डोळे आसत तुका. एक तरी खाली वळवूक होयो होतो."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. बोटांतून आलेल्या जंतूंशी काखेतल्या गाळण्यांत लढणाऱ्या पेशींनाही भूक लागते आणि त्याही साखर घेतात, असं त्यांनी मला सांगितलं. दिवा पेटलाय याचा अर्थ तिथे काहीतरी जोरात चाललंय. काय चाललंय, ते दिवा सांगत नाही. त्यासाठी ग्रंथीचा आकार बघावा लागतो.

मग त्यांनी सोनोग्राफी (आवाजाच्या प्रतिध्वनीतून उमटणारं चित्र) केली. निजल्यानिजल्या आत्या मान वळवून पडदा बघत होती. चार ग्रंथी चांगल्याच फुगल्या होत्या, पण घेवड्याच्या दाण्यासारखा बाक शाबूत होता आणि आत चरबीचा पांढरा पट्टा दिसत होता. पाचवी सगळ्यांत लहान होती. ती गोल गरगरीत होती आणि आत पांढरं काहीच नव्हतं. आयुष्यभर गर निवडलेली माझी आत्या डॉक्टरांच्या आधी बोलली.

"ते चार सुजले तरी गरासारखे आसत. ह्यो गोटो माका पटत नाय."

डॉक्टरांनाही तो पटला नव्हता. तरी नुसत्या दिसण्यावर त्यांनी काही ठरवलं नाही. पाचव्या ग्रंथीतून आणि मोठ्यांपैकी दोघींतून बारीक सुईने पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. रोग पाचवीत होता, त्या मोठ्या दोघींत नव्हता. बोटं बरी झाल्यावर चौघीही ओसरल्या. स्तनातल्या गाठीबरोबर पाचवी आणि तिच्याशेजारच्या एक-दोन काढल्या, बाकीच्या राहिल्या. औषधांनी आत्याचे केस गेले आणि सहा महिने तिने आरसा बघितला नाही. हात मात्र सुजला नाही.

आत्या त्र्याऐंशी वर्षांची होऊन गेली. शेवटपर्यंत काजू फोडायची, पण हातमोजे घालून आणि कुरकुरत. डॉक्टर फर्नांडिस निवृत्त होऊन रेडीला राहायला गेले आणि त्यांनी मधमाश्या पाळल्या. चौकसने तपासणीचा क्रम बदलला. चित्र उघडण्याआधी तो प्रत्येकीचा हात बघू लागला, आणि त्याच्यानंतरच्या यंत्रांनीही ते उचललं. मी चित्रं वाचणाऱ्या यंत्रांना शिकवायचं काम धरलं. आता चौऱ्याहत्तरीची आहे. सुई न टोचता एकेक पेशी ओळखणारं यंत्र आमच्याकडे घडतंय. ते अजून चुकतं. का चुकलं ते त्याला विचारायला मी रोज सकाळी जाते, आणि हल्ली ते मलाच उलट चार प्रश्न विचारतं.