सांगातकाची तपासणी

नॉर्वेतल्या त्या बंदरगावात बाहेरून आलेल्या प्रत्येकाला पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी सांगातक मोजून घ्यावं लागे. मंदाकिनीबाई कुलथ्यांची ही चौथी खेप. घोट्यावरची जखम आठ महिने भरत नव्हती. साखर नाही, जंतू नाहीत. नांदेडहून मुलाकडे राहायला येऊन वर्ष झालं होतं, आणि त्या नुसत्या थकून गेल्या होत्या.

सांगातक म्हणजे एक प्रथिन. जिव्हाळ्याच्या माणसाजवळ बसलं की ते रक्तात उतरतं आणि शरीराची डागडुजी सुरू होते. माणूस एकटा पडला की ते आटतं. मग शरीर दुरुस्तीची कामं लांबणीवर टाकतं. फोनवरच्या गप्पांनी ते वाढत नाही. त्याला शेजारी बसलेल्या माणसाची ऊब लागते.

या वेळी डॉक्टर सोल्वेगनी दोन चाचण्या घेतल्या होत्या. एक तास विणकामाच्या वर्गातल्या त्सेगाबाईंबरोबर, एक तास मुलाबरोबर, हृषीबरोबर. तोही आज शेजारी बसला होता. कानातला दुभाषी डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगत होता.

"त्सेगाबाईंबरोबर तुमचं सांगातक बेचाळीसवर गेलं. चाळीसला जखमा भरायला लागतात."

"अहो, आम्हाला एकमेकींची भाषासुद्धा येत नाही," मंदाकिनीबाई ओशाळल्या. "आणि मुलाबरोबर?"

"साठ. पण हे घरी असतात किती वेळ?"

"दोन पाळ्या करतो बिचारा. जेवायला येतो तेवढाच."

"मग तुम्ही रोज वर्गाला जा. जखम भरेल." डॉक्टर हृषीकडे वळल्या. "मला बोलायचंय ते यांच्याविषयी. त्या तासानंतर यांचंही रक्त घेतलं होतं. शून्य आलंय."

"म्हणजे... त्याचा माझ्यावर जीव नाही?"

"तसं नाही हो. तुम्ही येण्याआधी हे इथे आठ वर्षं एकटे होते. इतकी वर्षं एकटं राहिलं की शरीर वाट बघणं सोडून देतं. सांगातक तयार करणाऱ्या पेशीच उरत नाहीत. मग जवळ कुणीही येवो."

"पुन्हा येतात का त्या?"

"अजून तरी कुणाच्या आलेल्या नाहीत."

हृषी घड्याळ बघत उठला. "आई, मला काहीही झालेलं नाही. नऊ वर्षांत आजारपणाची एक रजा घेतली नाही मी. चल, पाळीची वेळ झाली."

मंदाकिनीबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. त्यांचं आटोपेपर्यंत तो शांतपणे उभा राहिला.