परत आलो

"काका, हे बघा. फाटकाजवळच्या रिसॉर्टपेक्षा निम्म्याहून कमी भाडं, आणि रेटिंग पावणेपाच!" पुतणीनं मोबाइल माझ्या चष्म्याला टेकवला. तिला आणि तिच्या भावाला सुट्टीत जंगल बघायचं होतं. वाघ दिसो न दिसो, खोली स्वस्त दिसली पाहिजे, हा आमच्या घराण्याचा बाणा.

"रेटिंग राहू दे," मी म्हणालो. "खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाच. नीट वाच."

"का हो?"

जेवणं झाली होती. गच्चीवरचा वारा पडला होता. म्हटलं, विचारतेच आहे तर सांगून टाकावं.

ही गोष्ट माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याची. ऑफिसातून बाहेर जाणारं टपाल तो बघायचा, म्हणून सगळे त्याला 'जावक' म्हणत. आत येणारं मी बघायचो. मला काय म्हणत, ते तुम्हाला कळून उपयोग नाही. जावकनं उभ्या नोकरीत एक पाकीट चुकीच्या पत्त्यावर धाडलं नाही आणि एक रुपया योग्य ठिकाणी खर्च केला नाही.

तर निवृत्तीनंतर वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, हट्ट धरला की एकदा तरी राष्ट्रीय उद्यान बघायचं. मुलीला दिवस गेलेले, बाळंतपणाला अजून महिना होता. नातवंड आलं की कुठलं जंगल आणि कुठलं काय! जावक मोबाइलवर खोल्या चाळत बसला. फाटकाजवळची हॉटेलं बघून त्याला घाम फुटे. शेवटी सापडला एक होमस्टे, जंगलाच्या कडेला, रस्ता संपतो तिथे. खाली पाहुण्यांचे अभिप्राय होते. 'पुन्हा आलो.' 'परत आलो.' 'आम्ही दोघं परत आलो.'

"लोक परत परत जातात म्हणजे जागा चांगलीच असणार," जावक मला म्हणाला.

"अरे, पण घरी बसून लिहिलं असतं तर 'परत जाऊ' म्हणाले नसते का? हे 'आलो' कुठून लिहितात?"

"तू जन्मभर दुसऱ्यांची पत्रं फोडलीस, म्हणून असा शंकेखोर," तो म्हणाला. आणि गेला.

मार्चमधला शेवटचा शनिवार. खोली स्वच्छ होती, चादरी धुतलेल्या, नळाला गरम पाणी. जावकला सगळं फुकटात मिळाल्यासारखं वाटलं. घराची मालकीण म्हातारी, एकटीच. 'मला आजीच म्हणा,' म्हणाली. वाढलंही मायेनं.

रात्री साडेअकराला जावयाचा फोन आला. मुलीला अचानक त्रास सुरू झाला होता, हॉस्पिटलात नेलं होतं. "डॉक्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन करावं लागेल. आई, ती सारखी तुम्हाला हाक मारतेय. निघा."

जेमतेम चपला पायात सरकवून दोघं गाडीत बसले. आजी दारात उभ्या होत्या.

"येते हं, आजी," वहिनी म्हणाल्या.

"या," आजी म्हणाल्या.

रस्ता एकच. फाटा नाही, वळण नाही. दोन्ही बाजूंना झाडं. बराच वेळ गाडी चालली, आणि समोर दिवा दिसला. जावकला वाटलं, फाटकावरची चौकी आली.

ते तेच घर होतं. दारात आजी.

"आलात?"

"अंधारात चुकलो वाटतं," जावक ओशाळून म्हणाला. "बरं, येतो."

"या."

पुन्हा रस्ता. पुन्हा झाडं. मोबाइलला रेंज नव्हती. ती जायच्या आधी जावयाचे दोन शब्द तेवढे आले होते. 'आत नेलं.' वहिनी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा उघडत होत्या. जावकचा पाय काही केल्या अ‍ॅक्सिलरेटरवरून उठत नव्हता...

दिवा. घर. आजी.

"आलात?"

वहिनींनी काच खाली केली. "आजी, आम्हाला जाऊ द्या हो. माझी लेक अडलीय तिकडे."

"मी कुठं अडवलंय, बाई? तुम्ही येते म्हणता. मी या म्हणते. येणाऱ्याला नको कसं म्हणायचं?"

जावकच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. परत आलो. परत आलो. आम्ही दोघं परत आलो...

"जातो," तो घाईघाईनं म्हणाला.

आजींनी मान डोलावली. मग त्या वहिनींकडे बघत राहिल्या.

"म्हण," जावक म्हणाला.

"काय?"

"जाते म्हण."

"जीभ झडेल माझी! पोर तिकडे मरणाच्या दारात, आणि मी असलं अभद्र बोलू? कोपऱ्यावर भाजीला निघाले तरी येते म्हणूनच निघालेय मी आजवर."

"मग बस इथंच. तिची हाक इथनं ऐकू येते का बघ."

गाडी नुसती थरथरत होती. बाहेर किडासुद्धा ओरडत नव्हता. आजींना घाई नव्हती...

...

"जाते," वहिनी म्हणाल्या.

आजी हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या,

"बरं. मग मी येते."

आणि रस्ता सुटला. चौकी आली. हमरस्ता आला. मागच्या सीटकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"एकदाही नाही?" पुतण्यानं विचारलं.

"तू पाहिलं असतंस?"

पुतणीनं मोबाइल केव्हाच पालथा ठेवला होता.

उजाडता उजाडता ते हॉस्पिटलात पोचले. जावई पायऱ्यांवरच भेटला. "दोघंही सुखरूप!" वहिनी तिथेच पोटभर रडल्या. मग आत गेल्या. मुलगी ग्लानीत होती. शेजारी पाळण्यात बाळ.

"आत्ताच आणलंय," नर्स म्हणाली. "अजून घरच्या कुणी हात लावलेला नाही. घ्या, पहिला मान तुमचा."

वहिनी वाकल्या. बाळाची मूठ गच्च मिटलेली. त्यांनी कौतुकानं एक बोट उलगडलं.

मुठीत केस होता. पांढराशुभ्र. हातभर लांब.

वहिनींचे केस मानेवर कापलेले. मुलीचे काळेभोर. नर्सचे टोपीखाली.

सोडवायला गेलं, की बाळ रडायचं.