पहिला घास

दरडशोध केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. इरावती सबनीस आणि दरडीखालची माणसं शोधणाऱ्या श्वानपथकाचे प्रमुख भार्गव टिळेकर यांचं कधीच पटलं नव्हतं. त्या सकाळी तर दोघांनी भीडही गुंडाळून ठेवली. खंड्या हा नवा कुत्रा पथकात येणार का, आणि पथक टिळेकरांच्या हाती राहणार का, हे इरावतीच्या सहीवर ठरणार होतं.

"करा सही," टिळेकर म्हणाले. "कुत्रा माझ्या मुठीत आहे."

महिन्यापूर्वी हाच खंड्या टिळेकरांना पाहून दात विचकायचा, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. टिळेकरांचं सगळं शिकवणं काठीने चालायचं. म्हणून इरावतीने आज्ञादुवा बनवला. एक पट्टा कुत्र्याच्या गळ्यात, दुसरा माणसाच्या मनगटावर. एकाने इशारा द्यायचा, दुसऱ्याने पाळला की पाळणाऱ्याच्या मेंदूत सुखलहर उठायची. पट्टे चढले की काठी खुंटीला लागे. पट्टे उतरले की मात्र ती पुन्हा टिळेकरांच्या हातात येई.

"दाखवा," इरावती म्हणाली.

टिळेकरांनी वाडगा मांडला. कळपाच्या पुढाऱ्याने पहिला घास घ्यायचा, मग कुत्र्याने, हा त्यांचा जुना नियम. खंड्याने वाडग्यावर पंजा ठेवला. टिळेकरांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि उरलेली त्याला दिली.

"बघितलंत? माझ्याआधी तोंड लावत नाही!"

"आणि त्याचा पंजा पडेपर्यंत तुम्ही लावत नाही. इशारा त्याचा, पाळलात तुम्ही. आठवडाभर सगळ्या सुखलहरी तुमच्याच मेंदूत उठल्यात. झोपतानाही पट्टा काढत नाही म्हणे?"

"सराव म्हणून!"

"माणूस कोण, कुत्रा कोण, हे यंत्राला कळत नाही. म्हणून लहर फक्त कुत्र्याकडेच जाईल, अशी तिची दिशा मी कायमची बांधणार होते. नको कोण म्हणालं?"

टिळेकरच म्हणाले होते. 'कुत्रा काय माझा मालक होणार?' असं भर बैठकीत विचारून त्यांनी तिची खिल्ली उडवली होती.

"तुम्हाला माझी खुर्ची हवीय," ते ओरडले.

"हवीच आहे. पण मी खोटी असेन तर तो पट्टा काढा. लगेच सही करते."

"एवढंच ना?" टिळेकरांचा हात मनगटाकडे गेला.

कोपऱ्यातून खंड्या गुरगुरला. पट्टा सुटला की काठी निघते, हे तो पक्कं शिकला होता. टिळेकरांचा हात थांबला, आणि रागाने लाल झालेल्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"आत्ता नको," ते मऊ आवाजात म्हणाले.

इरावतीला आसुरी आनंद झाला, आणि तिने तो लपवलाही नाही. पण ते समाधान तिला बघवेना. तिने खुंटीवरची काठी काढून गुडघ्यावर मोडली. मग टिळेकरांकडे पाठ करून ती खंड्यासमोर उकिडवी बसली.

"काठी गेली, खंड्या. आता पट्टा काढू दे त्याला."

खंड्याने दोन्ही तुकडे नीट हुंगले. मान वर करून टिळेकरांकडे बराच वेळ पाहिलं.

आणि तो पुन्हा गुरगुरला. टिळेकर सुखाने खाली बसले.