डाव्या बाजूची शांतरेषा

गवा आडवा आला आणि केतकीबुवांच्या समोरची उशी सायीसारखी अलगद फुगून आली. गाडी कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला घासत जाऊन थांबली, तेव्हा बुवा त्या उशीत गळ्यापर्यंत बुडालेल्या होत्या. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. डावीकडून मात्र कण्हण्याचा आवाज आला. डावीकडची उशी उघडलीच नव्हती.

"बुवा, गवा गेला का?" शेजारी बसलेल्या श्रेयसभाऊ गुरवांनी डोळे मिटूनच विचारलं.

"गेला हो. तुम्हाला कुठे लागलं?"

"तबला गेला. डग्गा शाबूत आहे."

बुवांनी मागे वळून पाहिलं. वाद्यं तर दोन्ही ठीक होती. मग त्यांना भाऊंचं उजवं मनगट दिसलं, नको त्या ठिकाणी वाकलेलं.

कीर्तनाला उभी राहिली की बाईलाही बुवाच म्हणायची रीत, म्हणून देवरुखच्या केतकी जोगळेकर साऱ्या मुलखाला केतकीबुवा. भाऊ त्यांचे तबलजी. दोघांनी मिळून कोकणातले कितीतरी उत्सव गाजवले होते. त्या दुपारीही गजेंद्रमोक्षाचं आख्यान लावलं होतं. मगरीनं पाय धरलेला हत्ती सोंडेत कमळ धरून हाक मारतो आणि देव गरुडालाही मागे टाकून धावत सुटतो, तिथे भाऊंनी लय अशी काही वाढवली होती, की मंडपातल्या म्हाताऱ्याही गुडघ्यांवर उठल्या.

"देव धावला हो," दवाखान्यात हाताला प्लास्टर चढताना भाऊ म्हणाले, "पण माझ्या उशीला निरोप द्यायचा राहिला त्याच्याकडून."

बुवा हसल्या नाहीत. तबलजीचं मनगट त्यांच्या गाडीत मोडलं होतं.

फार पूर्वी गाड्यांतल्या उश्या धडक बसल्यावर उघडत, आणि तेही थोबाडीत मारल्यासारख्या. जीव वाचे, पण नाक किंवा बरगडी जाई. मग श्वासउशी आली. ती धडकेच्या आधीच उघडते, म्हणून तिला घाई करावी लागत नाही. आता आधी कळणार कसं? गाडीच्या यंत्राला पुढचं दिसत असतं, पण दिसेल त्या प्रत्येक म्हशीला भिऊन त्यानं उशी उघडली तर कोकणातल्या रस्त्यावर मैलभर जाणं मुश्कील. म्हणून शास्त्रज्ञांनी माणसाच्या देहाचीच साक्ष काढली. संकट समोर आलं, की ते मनाला कळण्याआधी छाती आचका देऊन श्वास आत ओढते. तो आचका टिपणारे तंतू आसनाच्या कापडातच विणलेले असत. यंत्राला शंका आली आणि त्याच क्षणी बसलेल्याचा श्वासही दचकला, की उशी उघडायची. रस्त्यांवरची मरणं पुष्कळ कमी झाली. तक्रारी आल्या त्या जुन्या, हातोहात फिरलेल्या गाड्यांच्या.

बुवांची गाडी तशी जुनीच. मुलानं, निषादनं, गेल्या गणपतीत नवी घेतली आणि सहा वर्षं वापरलेली ही आईला दिली. परक्याला गाडी विकायची तर आसनं आधी कोरी करून घ्यावी लागत. पण घरातल्या घरात गाडी दिली तर एवढं कोण करतंय? आईला गाडी द्यायची आणि वर आसनं पुसून द्यायची, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

रत्नागिरीबाहेरच्या तपासणी केंद्रात डॉक्टर ताहेरा मुकादम भेटल्या. राजापूरकडच्या, चाळिशीच्या. उशीचे दोष शोधणं हेच त्यांचं काम.

"तुम्हाला बुवा म्हणू की मावशी?"

"कीर्तनात बुवा. खाली उतरले की मावशी."

"मग मावशी, बसा. तुम्हाला एक गंमत दाखवते. प्रत्येकाचा नुसता बसल्याबसल्याचा श्वास वेगळा असतो. कुणी पोटातून घेतं, कुणी वरच्यावर. आसन पहिलं वर्षभर तेच शिकतं. आपल्या माणसाचा नेहमीचा श्वास कसा, त्याची एक रेषा मनात धरतं. तिला आम्ही शांतरेषा म्हणतो. दचकणं मोजायचं ते तिच्यापासून."

"म्हणजे आमचा षड्ज. तंबोरा लागला की मग बेसूर कोण ते कळतं."

"अगदी बरोबर! हा बघा, तुमच्या उजव्या आसनाचा षड्ज." पडद्यावर एक रेघ उमटली, भरतीनंतरच्या खाडीसारखी संथ. "इतकी शांत रेषा मी क्वचित पाहिलीय. कोण चालवायचं?"

"माझा मुलगा." बुवांचा चेहरा उजळला. "लहानपणापासून तसाच आहे हो तो. कधी आवाज चढवून बोलायचा नाही."

"म्हणूनच तुमची उशी उघडली. इतक्या संथ रेषेवर तुमचा आचका ठळक उठला. आता हे डावं."

ही रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती. बुवा चष्मा सारखा करून पाहत राहिल्या.

"हा तंबोरा कुणीतरी पार ताणून ठेवलाय. आसन बिघडलं का?"

"मलाही आधी तेच वाटलं. तंतू न् तंतू तपासला. आसन ठणठणीत आहे. जे शिकायचं ते नीट शिकलंय." ताहेराबाईंनी रेघेवर बोट ठेवलं. "इथे बसणारं माणूस बहुतेक वेळ दचकलेलंच असायचं. रोज तेच, म्हणून आसनाला ते नेहमीचं वाटायला लागलं. गवा बघून भाऊंची छाती दचकली, तेव्हा आसन म्हणालं, त्यात काय एवढं, इथे असंच असतं."

बुवांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"माझी सून बसायची तिथे. राही," बुवा म्हणाल्या. "ती देशावरची. घाटाची सवय नाही तिला. आंबा घाट उतरताना डोळे मिटून बसते बिचारी."

"राहतात कुठे ते?"

"कोल्हापूरला."

"म्हणजे रोजचा रस्ता सपाटच," असं ताहेराबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. "मावशी, याच्या पुढचं मला सांगता येत नाही. तसा नियम आहे."

"का? गाडी माझी, आसन माझं."

"आसन तुमचं. श्वास तुमचा नाही."

बुवा पुन्हा त्या करवतीकडे बघायला लागल्या.

"तुमच्या गाडीचं नाही सांगत हं," ताहेराबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "एकंदरीत सांगते. जुन्या गाड्यांच्या तक्रारी येतात त्यात डावीकडच्या उश्या फार. कंपन्या म्हणतात कापड खराब, गिऱ्हाइकं म्हणतात कंपनी चोर. मी तपासते. घाटात नाही, गर्दीत नाही, वेग वाढल्यावरही नाही. त्या श्वासाला फक्त एकच गोष्ट मोकळं करते. उजवं आसन रिकामं झालं, गाडी चालवणारा कशाला तरी खाली उतरला, की डावीकडचा श्वास पोटापर्यंत जातो. तो परत येऊन बसला, की पुन्हा करवत."

"या गाडीतसुद्धा?"

"मी या गाडीबद्दल बोलत नाहीये, मावशी."

ताहेराबाईंनी हे इतक्या मायेनं सांगितलं, की बुवांना ते लख्ख कळलं.

मंडपात शेवटच्या रांगेतल्या बाईचा हुंदका बुवांना चौकीवरून ऐकू येत असे. कुठे थांबलं की लोक श्वास धरतात, कुठे सोडतात, हे तर त्यांचं पोटापाण्याचं ज्ञान. राही सणावाराला येई, वाढायला घेई, हसे, पाया पडे. तिचा श्वास काही त्यांना ऐकू आला नव्हता. आसनानं ऐकला होता. रोज ऐकला आणि ऐकून ऐकून त्याचे कान मेले. हाक मारली की देव येतो, असं बुवा जन्मभर सांगत आल्या होत्या. त्या देवालाच हाकेची सवय झाली असती तर? तो हत्ती रोजच ओरडतो, म्हणून देव बसून राहिला असता तर? त्यांनी मनातल्या मनात कान धरले, पण प्रश्न काही जाईना.

"तुम्ही काय करता अशा गाड्यांचं?"

"आसन कोरं करून परत देतो. पुढच्या माणसासाठी ते चांगलं होतं." ताहेराबाईंचा आवाज खाली गेला. "श्वास पुसला जातो. बाई राहते तिथेच."

"आणि त्यांच्या नव्या गाडीत?"

"कधी घेतली?"

"गणपतीत."

"मग तेही आसन शिकत असेल. वर्ष भरत आलं की पक्कं होईल. त्यानंतर खरोखरच काही आडवं आलं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "आता तुमची ही आसनं कोरी करते. एक लक्षात ठेवा. कोऱ्या आसनाला कुणाचीच रेषा ठाऊक नसते. म्हणून सुरुवातीला ते यंत्राच्या शंकेची वाट बघत नाही. नुसतं कुणी दचकलं तरी उघडतं. घाबरून जाऊ नका. दोन्ही करू ना?"

"डावं करा," बुवा म्हणाल्या. "उजवं राहू दे." का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात निषादचं रत्नागिरीला काम निघालं. जाताना त्यानं राहीला देवरुखला आईकडे सोडलं. वाकून नमस्कार केला, भाऊंची चौकशी केली, आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली. "घाटात एकटी जात जाऊ नकोस गं आई," म्हणाला. बुवांना भरून आलं. यंत्रच ते, चुकत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं.

"राही, घरीच थांब हं," निघताना तो हसून म्हणाला.

राहीनं मान हलवली.

जेवणं झाली. बुवांना विचारायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. तासन् तास अस्खलित बोलणारी बाई, पण सुनेशी एक वाक्य जमेना. शेवटी म्हणाल्या, "चल, भाऊंना बघून येऊ. प्लास्टरवर बोटं वाजवून घर डोक्यावर घेतलंय म्हणे त्यांनी."

"मी निषादला सांगितलं नाहीये, आई."

"अगं, गावातल्या गावात तर जायचंय."

रातांब्याच्या झाडाखाली गाडी उभी होती. दोघी बसल्या. दारं लागली तशी आसनं जागी झाल्याचे बारीक दिवे लागले. बुवांनी गाडी सुरू केली नाही. चाकावर हात ठेवून त्या समोरच्या गडग्याकडे बघत बोलायला लागल्या. भाऊंची उशी का उघडली नाही, शांतरेषा म्हणजे काय, सगळं सांगितलं. "नव्या गाडीतली तुझी उशीसुद्धा अशीच होईल, बाळ. उद्या काही झालं तर ती उघडणार नाही. मला तुझी भीती वाटते."

राही पदराशी चाळा करत होती. "मला घाटाची भीती वाटते, आई. दुसरं काही नाही."

"हो," बुवा म्हणाल्या. "मीही त्यांना तेच सांगितलं."

राहीनं त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात गाडीतला फोन वाजला आणि आपोआप उचलला गेला. डावं आसन पुसलं गेलं होतं, पण घरातल्या घरात दिलेली गाडी अजून निषादच्या फोनला जोडलेलीच होती. ती जागी झाली, की डाव्या आसनावर कुणी बसलंय हेसुद्धा त्याला तिकडे कळत होतं.

"राही," निषादचा मऊ, लाडिक आवाज आला. "गाडीत बसलीस? घरी थांब म्हटलं होतं ना गं?"

डावीकडची उशी उघडली.

गाडी उभी होती. समोर ना गवा, ना घाट. वाऱ्यानं हलणाऱ्या रातांब्याच्या सावल्या तेवढ्या. आणि राही त्या पांढऱ्या ढगात केसांपर्यंत बुडाली होती.

"कसला आवाज झाला? राही?"

"मी बोलतेय," बुवा म्हणाल्या.

"अरे, आई! कुठे निघालात दोघी?"

"कुठेच नाही. आणि निषाद, संध्याकाळी तिला न्यायला येऊ नकोस. राही माझ्याकडे राहणार आहे."

मग तोच आवाज, जराही न चढलेला. "बरं. किती दिवस?"

"तिला हवे तितके."

"आई, फोन तिला दे."

"नाही देणार."

"आई." तो अजूनही हसूनच बोलत होता. "मी काय म्हणालो?"

या पोराला त्यांनी अंगाईत झोपवलं होतं, स्वर शिकवले होते. त्याच्या या शांत आवाजाचं चारचौघांत कौतुक केलं होतं. आज पहिल्यांदा त्या त्याला नाही म्हणाल्या होत्या आणि आज पहिल्यांदा तो आवाज त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. त्यांनी हात पुढे करून फोन बंद केला. मग बसून राहिल्या.

उशीच्या पांढऱ्या घड्यांतून एक हात चाचपडत बाहेर आला आणि त्यानं बुवांचं मनगट घट्ट धरलं.

"श्वास सोडा, आई," राही हलकेच म्हणाली. "सुरुवातीला मलाही विसरायला व्हायचं."