पश्चिमेच्या खोलीचे पडदे

करण पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तो गळ्यात तांब्याच्या तारा अडकवून. एप्रिलची दुपार होती, मंठ्याचा बाजाररस्ता नुसता भाजून निघत होता. मामा जेवायला घरी गेले होते आणि मी मशीनवर कुणाच्या तरी हॉलच्या पडद्याला चुण्या घालत बसले होते. त्याने तीन तारा काढून काउंटरवर ठेवल्या.

"ह्या मापाचे पडदे पाहिजेत. गाठीपर्यंत रुंदी, पुढं उंची."

मी तारांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. टेप नावाची वस्तू अजून मंठ्यात आली नाही का, असं मी विचारलं. त्यावर तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, की बसस्टँडच्या मागे त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान आहे, तिथे तार हाताशी असते, टेप शोधावा लागतो. त्याच्या बोटांना वार्निशचा वास येत होता. मला तो आवडला. वाससुद्धा.

पण आवडलं म्हणून चुकीचं माप कोण चालवून घेणार? त्याने खिडकीएवढंच माप आणलं होतं. मी सांगितलं, पडदा खिडकीएवढा शिवला तर दोन्ही कडांनी ऊन आत शिरतं. बाजूला वीत वीत जास्त हवा, खाली फरशीला टेकायला हवा, दांडी भिंतीला चिकटून हवी, आणि कापड रुंदीच्या दुप्पट, म्हणजे चुण्या भरून पडतात. त्याच्यामागे थर्मलचं अस्तर, पांढरं, हाताला जरा रबरी लागतं ते.

"हा पडदा हाय का गोधडी?" तो म्हणाला.

"गोधडीच समजा. उन्हाळ्यातली."

तो हसला... आणि मग हसू आवरून त्याने खोली कुणासाठी आहे ते सांगितलं. त्याच्या वडिलांना, बिभीषण अण्णांना, दिवाळीत अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेलेली. नवं घर स्लॅबचं, अण्णांची खाट पश्चिमेच्या खोलीत, कारण तीच एक मोठी आणि संडासाजवळची. दुपारी तीननंतर ती खोली भट्टी व्हायची. एसी लावावा तर त्या गल्लीत व्होल्टेज इतकं उतरायचं की कूलरसुद्धा धापा टाकायचा. अण्णांना बोलता येत नव्हतं नीट. ते नुसते घाम पुसायला उजवा हात उचलायचे, दिवसभर.

मी मशीन बंद केलं.

आमच्या दुकानाचा काचेचा दरवाजाही पश्चिमेला होता, हात लावला तर चटका बसेल असा. मी आधी साधं कापड काचेवर धरलं आणि त्याला मागून तळहात लावायला सांगितलं. त्याने झटकन काढून घेतला. मग अस्तराचं कापड धरलं. त्याने हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"गरम लागतंय?" मी विचारलं.

"थांबा, बघून राह्यलो."

"किती वेळ बघणार?"

"तुम्हाला जल्दी हाय का?"

मला मुळीच घाई नव्हती.

रंगावरून मात्र आमचं वाजलं. त्याला गडद तपकिरी हवा होता, कुणीतरी सांगितलं होतं म्हणे गडद रंग ऊन अडवतो. मी म्हटलं, ऊन अडवायचं काम अस्तराचं, रंग आतल्या माणसासाठी असतो, आणि आतला माणूस दिवसभर तेवढंच बघणार आहे. अण्णांना काय बघायला आवडायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, हरभऱ्याचं रान. मी घाट्यांसारखा फिका हिरवा काढला. त्याने तो घडी करून माझ्यापुढे ठेवला.

पुढचा महिनाभर त्या पडद्यांना काही ना काही कमी पडत राहिलं. एकदा मीच त्याच्या घरी टेप घेऊन माप घ्यायला गेले. मग दांडी दाखवायला तो आला. मग रिंगा कमी पडल्या म्हणून आला, मग रिंगा जास्त झाल्या म्हणून. मामा, म्हणजे माझ्या आईचे भाऊ पुंजाराम, चष्म्यावरून बघायचे आणि पुन्हा कापड मोजायला लागायचे. मी तीर्थपुरीची, पण बारावीनंतर त्यांच्याकडेच राहून शिवणकाम करत होते. करणच्या घरचे लोक आपल्याच जातीतले आहेत, त्याचे आजोबा मेंढरं घेऊन शहागडकडून आले आणि इथंच राहिले, हे मला मामांनीच सांगितलं होतं. त्याच्या दुकानाच्या बोर्डावर शहागडकर लिहिलेलं. मी खरात. आडनाव एक असलं की आमच्यात ती भावकी, मुलगा-मुलगी भाऊबहीण, सोयरीक होत नाही. इथे तशी काही अडचण नव्हती, हे मी पहिल्याच आठवड्यात मनात बघून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू? मला त्या घरात जायचं होतं. त्याच्यासाठी, आणि थोडंफार त्या खोलीसाठीही.

मेच्या शेवटी शेवटी एका संध्याकाळी तो रिंगांचं निमित्तसुद्धा न काढता आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "एकदा पडदे लागू दे. मंग आईला पाठवतो तुझ्या मामाकडं."

"कशाला? बिलासाठी?" मी म्हटलं.

"इंद्रायणी... तुला बराबर माहीत हाय कशाला."

त्या दिवसापर्यंत तो मला तुम्ही म्हणायचा.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही पडदे लावले. तो स्टुलावर, मी खालून रिंगा देत. आणि आम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेवढ्यात त्याच्या आईने, नंदाबाईंनी, एक पडदा काढून उलटा लावला. हिरवा रंग रस्त्याकडे, पांढरं अस्तर आत. एवढा महागाचा पडदा गल्लीला दिसायला नको का, असं त्यांचं म्हणणं. अस्तर काचेकडेच पाहिजे, नाहीतर कापड तापून खोलीत ऊब सोडतं, हे पटवायला मला अर्धा तास लागला. शेवटी अण्णांनीच उजवा हात उचलून हिरव्याकडे दाखवलं आणि नंदाबाईंनी हार मानली.

दहाला पडदे बंद केले. तीन वाजले, चार वाजले. अण्णांचा हात कपाळाकडे गेला नाही. ते भर दुपारी, तोंड जरासं उघडं टाकून, झोपले होते. नंदाबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या आणि मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, चहा टाकला आणि हसत हसत ते विचारलं, जे कुठल्याही बाईने मला पहिल्या दिवशीच विचारलं असतं.

"तुझ्या बापाचं नाव काय गं? आडनाव?"

मी सांगितलं. तातेराव खरात, तीर्थपुरी.

"खरात? कुळाचा देव कुठला तुमचा?"

गोदावरीच्या काठचा बिरोबा, शहागडच्या पुढे, मी म्हटलं. त्यांनी गॅस बारीक केला. त्यांचा चेहरा असा उतरला की त्यांनी मनात काय धरलं होतं ते मला लगेच कळलं, कारण मीही तेच धरलं होतं.

"आम्ही बी खरातच," त्या हळूच म्हणाल्या. "सासरे मेंढरं घेऊन इकडं आल्ते, लोक शहागडकर म्हणायले, पोरांच्या शाळेत बी तेच लागलं. देव तोच हाय आपला. तातेराव ह्यांचे भाऊ लागले, पोरी."

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीच तो पुसला नाही. मग त्या माउलीने डोळ्यांना पदर लावला, खण आणि तांदूळ आणून माझी ओटी भरली आणि म्हणाल्या, तू या घरची लेकच निघालीस. किती मायेने म्हणाल्या! रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या मायेशी काय भांडणार? एक महिना आम्ही अस्तर, दांडी, चुण्या, सगळं बोललो होतो. एकमेकांचा देव विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

करण दुसऱ्या दिवशी दुकानात आला. रात्रभर जागा असावा. पुण्याला जाऊ, कोर्टात लग्न करू, तिथे कोण विचारतंय आडनाव, म्हणाला. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. मला हो म्हणायचं होतं, ओठावर आलं होतं ते. पण मी त्या खोलीत महिनाभर ये-जा केली होती. झटका आला त्या दिवशी अण्णांना खाटेसकट उचलून गाडीत घालायला भावकीतलेच चौघे धावले होते, त्यानेच मला सांगितलं होतं.

"ती माणसं तोडल्यावर उद्या अण्णांना खांदा कोण देईल?" मी विचारलं. "तू एकटा?"

तो काउंटरवरच्या कापडाकडे बघत राहिला. उठताना त्याने माझी कात्री नीट बंद करून बाजूला ठेवली आणि गेला.

जून गेला, जुलै गेला. रिंगा कमी पडल्या नाहीत.

श्रावणात नंदाबाईंचा फोन आला. राखीला ये, भावाला ओवाळून जा. त्यांना वाटलं असणार, एकदा दोरा बांधला की दोघांचीही मनं मार्गाला लागतील. मलाही वाटलं, लागतील कदाचित. मी राखी घेऊन गेले. अण्णा उशीला टेकून बसले होते. खोलीत गारवा होता. बाहेर बारीक भुरभुर लागली होती, म्हणून पडदे बाजूला सारलेले. नंदाबाईंनी पाट मांडला, ताटात निरांजन, कुंकू, पेढा. करण अण्णांच्या पायाशी बसला होता, तो उठला नाही.

"ये ना रं," आई म्हणाली.

"आई, हिच्या हातून राखी न्हाई बांधून घेणार मी."

"असं नसतं करत. बहीण हाय तुझी."

"तुमच्यासाठी असंल," तो म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "लग्न न्हाई केलं, तुमचं ऐकलं. पण हे माझ्याच्यानं होणार न्हाई."

नंदाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. माझं तोंड लपवायला जागा नव्हती. त्यांनी हळूच राखी उचलून माझ्या पर्समध्ये परत ठेवली, निरांजन देवापुढे नेऊन ठेवलं, आणि मी निघताना नुसतं "भिजू नको" म्हणाल्या. लेकी म्हणाल्या नाहीत.

करण फाटकापर्यंत आला. आम्ही दोघे भुरभुरीत उभे राहिलो. मी तोपर्यंत त्याला एकदाही ते बोलले नव्हते, नेहमी थट्टाच केली होती.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं.

"माहीत हाय."

"तरी म्हणायचं होतं एकदा."

"मंग अजून एकदा म्हण," तो म्हणाला. "पुन्हा न्हाई मागणार."

मी पुन्हा म्हटलं. मग छत्री न उघडताच दुकानाकडे चालू लागले.