रिकामं भोक

कल्याणला आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली, तरी पलीकडच्या मोहन्यात वेग म्हणजे शर्यतीचा छकडाच. चाक आसावर चढवलं की आसाच्या टोकाच्या भोकात लोखंडी खीळ ठोकायची. ती नसेल तर धावतं चाक निसटतं. ही खीळ घरच्या बाईनंच ठोकायची, अशी गावाची रीत.

गेल्या सालच्या शर्यतीत नदीकाठच्या वळणावर शेवंतीच्या नवऱ्याचं, गोविंदाचं, चाक निसटलं आणि तो त्याखाली गेला. जत्रेच्या गर्दीत बायकोचा हात धरायला लाजणारा, नुसती करंगळी धरून चालणारा गोविंदा. त्र्यंबक खोताने गावभर केलं, "शेवंतीनंच खीळ ढिली ठोकली. नवरा खाल्ला." खोताची जोडी जिंकावी म्हणून खीळ त्याच्याच गड्याने उपटली, हे सगळ्यांना ठाऊक. पण खोताची जमीन कसणाऱ्यांना जीभ नसते. वर्षभर शेवंती विहिरीवर आली की बाया घागरी उचलून निघून जात.

यंदा धाकटा दीर आनंदा त्याच छकड्यावर चढला.

"वयनी, खीळ तूच ठोक."

"विधवेच्या हातची खीळ?" खोत हसला. "आमचा गडी ठोकेल."

पंचांनी माना खाली घातल्या. खोताचंच मीठ खाणारे ते.

गड्याने ठोकल्यासारखं केलं. निशाण पडलं, बैल उधळले. छकडा समोरून गेला तेव्हा शेवंतीला दिसलं, आसाच्या डाव्या टोकाचं भोक रिकामं होतं. ती ओरडली. ढोलांत कुणाला ऐकू येणार?

त्याच वळणावर चाक आसाच्या टोकाशी आलं.

लोकांनी डोळे मिटले. शेवंतीने मिटले नाहीत, म्हणून तिलाच दिसलं. चाक थबकलं. मग हळूहळू आत सरकलं, कुणी तळहाताने रेटावं तसं.

आनंदा जिंकला. खोताची जोडी पार मागे, धुळीत. आनंदाला खांद्यावर घेऊन लोक नाचले, आणि विहिरीवरच्या बायाच आधी धावत आल्या.

"लबाडी आहे," खोत कडाडला. "चाक काढा."

चौघे झोंबले. चाक हललं नाही.

"खीळ कुठाय याची?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तुमच्या गड्याच्या कमरेला बघा," शेवंती म्हणाली.

गड्याचा हात आपसूक कमरेला गेला. खीळ तिथंच खोचलेली होती. सगळ्यांनी पाहिली. या वेळी माना खाली गेल्या नाहीत.

शेवंती छकड्याजवळ बसली. भोकात तिने करंगळी घातली.

आतून कुणीतरी ती धरली. अलगद, गर्दीत धरावी तशी. बोटं थंडगार होती.

तिने हात काढून घेतला नाही. बराच वेळ.

"सोडा आता," ती हळूच म्हणाली. "जिंकलो आपण."

चाक आसावरून आपलं आपण उतरलं, उभं राहिलं, आणि माणसांमधून वाट काढत खोताकडे निघालं.